अंडी आहेत, पुढे येऊ नका

मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची, एका खांबाला टांगलेली. मित्रांनो, माझ्यावर काय लिहिलं आहे ते वाचलंत ना? "टिटवीची अंडी आहेत. इथून पुढे येऊ नका." मग कृपा करून तिथेच थांबा, त्या पायवाटेवर. हवं तर बसा. तिथे एक दगड आहे, बसायला बरा आहे. अंडी खरीच आहेत. माझ्या मागे खडीच्या मोकळ्या जागेत चार अंडी आहेत आणि टिटवी त्यांच्यावर बसून माझ्याकडेच संशयाने बघते आहे. तिचा स्वभावच तसा. अंडी फुटेपर्यंत तिला काम आहे, मला काही नाही. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट सांगावी. एरवी माझ्याशी बोलायला येतंय कोण? लोकांना लांब ठेवणं हीच माझी नोकरी.

अंडी खरीच आहेत असं मी मुद्दाम सांगते आहे, त्याला कारण आहे. मध्ये बरीच वर्षं ती नव्हती आणि तरीही मी हेच म्हणत इथे उभी होते.

पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ व्हायचा.

मी जन्माची पाटी नाही. मी एका स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार होते. ज्या सुताराने मला घडवलं त्याच्याच घरातलं. आता सुताराचं घर म्हटलं की तुम्हाला वाटेल, कपाटं काय, मागाल तेवढी असतील. कसलं काय. गावाची कामं वेळेवर करणारा हा माणूस बायकोला मात्र "आज करतो, उद्या करतो" म्हणून झुलवत होता. तिचे डबे लग्नापासून जमिनीवरच होते. शेवटी एके दिवशी तिने जेवायला वाढताना त्याच्या ताटाशेजारी करवत ठेवली. त्याच आठवड्यात मी तयार झाले.

माझ्या आड साखरेचा डबा होता, चहापत्तीचा होता, बिस्किटांची बरणी होती. माझ्या आतल्या अंगाला एक आकडा होता आणि त्याला चहाची गाळणी लटकत असे. दिवसभर हात लागत. पिठाचे, ओले, घाईतले, झोपाळू. जेवणाआधी कपाटाला हात लावायचा नाही असं घरातल्या दोन्ही मुलांना बजावलेलं असे, आणि ते त्यांनी एकदा जरी ऐकलं असेल तर शपथ. पण सगळ्यांत चोरटा हात खुद्द सुताराचा. डॉक्टरांनी त्याची साखर बंद केली होती.

माझी वरची बिजागरी मात्र चुगलखोर. जरा हललं की टी-टी-ट्यूँव अशी कुरकुरायची. दार हळूच उघडायला गेलं की जास्तच. मग बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा.

"ठेवा तो डबा खाली."

"अगं, मी कुठे? वाऱ्याने उघडलं."

"मग वाऱ्याला सांगा, तुला मधुमेह आहे म्हणावं. आणि त्या बिजागरीला तेल घाला एकदाचं."

"उद्या घालतो."

ते तेल त्याने कधीच घातलं नाही. एकदा तिने घाईत तापलेली कढई माझ्यावर टेकवली आणि माझ्या खालच्या कोपऱ्याला चंद्रकोरीसारखा काळा डाग पडला. तोही त्याने रंधा मारून काढला नाही. "राहू दे, ओळख आहे तिची," म्हणाला. खरं सांगते, त्या घरात मला मोठं सुख होतं. ते सुख आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं इतकंच.

मुलं मोठी झाली, लांबच्या शहरांत गेली. मुलीने आईसाठी नवीन चकचकीत ओटा आणि कपाटं बसवून दिली. मला उतरवून सुताराच्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकवलं. तिथे भुसा फार, बोलणं कमी.

आता त्या कुरणाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी इथे कशी आले ते कळणार नाही. गावाबाहेरचं हे पाणथळ कुरण पूर्वी एका म्हाताऱ्या बाईंच्या मालकीचं होतं. त्यांच्या मागेपुढे कुणी नव्हतं. जाताना त्यांनी ते गावाला देऊन टाकलं, एकाच अटीवर. इथे एकही वीट बसता कामा नये. गावाने मोठ्या आनंदाने अट मान्य केली आणि तितक्याच आनंदाने कुरण विसरूनही गेलं. मग गावातल्या काही रिकामटेकड्या माणसांनी ते राखायचं ठरवलं. रिकामटेकडी हा गावाचा शब्द, माझा नव्हे. दर रविवारी सकाळी ती माणसं इथे येत, गाजरगवत मुळासकट उपटत, बाटल्या-पिशव्या वेचत, तळ्याचा काठ दगडांनी सावरत आणि पाठ धरून घरी जात. औषधांच्या दुकानाचे मालक त्यांचे म्होरके. त्यांना सगळे औषधवाले म्हणत. आवाज बारीक, आणि आभाळ कितीही स्वच्छ असो, हातात छत्री. दुसरा बँकेतला एक कारकून. तो इतका उंच की त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षातच राहत नसे, सगळ्यांचा तो लांब्या. आणि तिसरा आमचा सुतार.

या मंडळाचा एक नियम होता. जो लावील तोच काढील. दोरी, खुंटी, फलक, काहीही असो, ज्याने लावलं त्यानेच आठवणीने काढून न्यायचं. पूर्वी एकदा रोपांच्या ओळी आखायला बांधलेली दोरी तशीच राहिली होती आणि तिच्यात पाय अडकून एक ससा मेला होता. औषधवाल्यांनी तो स्वतः पुरला. तेव्हापासून हा नियम त्यांना देवाच्या जागी.

एका रविवारी कुरणाच्या पार टोकाच्या कोपऱ्यात, झऱ्याजवळच्या खडीवर सुताराचा पाय पडता पडता राहिला. पायाखाली चार अंडी होती, खडीच्याच रंगाची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत त्याला शिव्या देत होती. तो तसाच उलट्या पावली घरी आला, मला भिंतीपासून ओढलं आणि माझ्यावर रंगाने अक्षरं काढायला बसला. शेवटचा शब्द डागापाशी आल्यावर जागा पुरेना, म्हणून "नका" जरा दाटीवाटीनेच बसलं आहे. बघा, दिसेल.

"माझ्या कपाटाच्या दाराचं काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"त्याला नोकरी लावतोय."

"कुठे?"

"दाखवतो एकदा."

ते दाखवणं राहूनच गेलं.

या कोपऱ्याकडे येणारी वाट दोन काटेरी जाळ्यांमधून जाते. तिथेच त्याने खांब रोवला आणि माझ्याच जुन्या बिजागऱ्यांवर मला टांगलं. दुसऱ्या बाजूने तारेने बांधलं. म्हणजे मी पुन्हा दारच झाले, फक्त मागे कपाट नाही, मोकळं आकाश. "पिल्लं पाण्याकडे गेली की उघडेन आणि घेऊन जाईन हो तुला," जाताना तो मला म्हणाला. एकट्याने काम करणाऱ्या माणसांना वस्तूंशी बोलायची सवय असते. बिजागरीला तेल त्याने तेव्हाही घातलं नाही.

त्या मोसमात मी काम चोख केलं. एका सकाळी अंडी फुटली. टिटवीची पिल्लं काही घरट्यात लाड करून घेत बसत नाहीत. अंग वाळलं की लगेच चालायला लागतात. चौघंही माझ्या खालून तुरुतुरु गेली, आईच्या मागे, तळ्याकडे. मला वाटलं, झालं. आता रविवारी सुतार येणार.

रविवार आला, सुतार आला नाही. सगळे आले ते खाली माना घालून. आठवड्यात तो आजारी पडला होता आणि त्यातून उठला नव्हता. सगळे पायवाटेवर माझ्याकडे तोंड करून गप्प उभे राहिले. औषधवाले रडत होते आणि छत्रीने ते झाकू बघत होते. "हे त्याचं शेवटचं काम," ते म्हणाले. "याला कुणी हात लावायचा नाही." नियमही तोच सांगत होता. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, आणि तो तर आता येणार नव्हता. मला कुणी काढावं हा प्रश्न विचारायचा धीर कुणाला झाला नाही. मान दिला त्यांनी त्याला. आणि त्या मानाने मी इथे अडकले.

मित्रांनो, लोक ऐकत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. मी सांगते, ऐकणाऱ्या लोकांचा ताप तुम्हाला माहीत नाही. कपाटाचं दार होते तेव्हा नाही म्हटलं की हमखास हात यायचा. इथे मी नाही म्हटलं आणि वर्षानुवर्षं कुणी आलंच नाही. शहाणीसुरती, भली माणसं. पायवाटेपर्यंत यायची, मला वाचायची, आवाज खाली करायची आणि वळून जायची. एकाचंही पाऊल पुढे पडलं नाही. मी किती वाट पाहिली म्हणून सांगू. यावं कुणीतरी, मोडावा माझा शब्द, शिव्या घालाव्यात मला, काहीही. आपल्या अंगावरचं लिहिणं खोटं झालेलं असावं आणि ते आपल्याला पुसता येऊ नये, याच्याइतकी वाईट गोष्ट पाटीच्या आयुष्यात दुसरी नाही.

टिटवी पुढच्या वर्षी आली होती. तिला चारही बाजूंना लांबवर दिसेल अशी उघडी जमीन लागते. पूर्वी मंडळ इथलं गवत कापायचं. आता अंड्यांना त्रास नको म्हणून इकडे कुणी येईना, आणि गवत टिटवीच्या डोक्याच्या वर गेलं. तिने एक फेरी मारली आणि निघून गेली ती गेलीच. तिच्यासाठी जपलेली जागा तिलाच नकोशी झाली. हे मी पाहिलं आणि सांगू कुणाला शकले नाही.

त्यातून मला बांधलेली तार गंजून गळून पडली. वारा आला की मी जराशी हलायची आणि ती चुगलखोर बिजागरी वाजायची. टी-टी-ट्यूँव. पायवाटेवरचे लोक जागच्या जागी थबकायचे. "ऐकलंत? बसली आहे अंड्यांवर." लांब्या नव्या लोकांना कुरण दाखवायला आणी, तेव्हा आधी तो एक टिटवी आहे म्हणायचा, मग बरीच जोडपी आहेत म्हणायला लागला, आणि शेवटी शेवटी तर ही जात फार थोडी उरली आहे असं सांगायला लागला. माणूस वाईट नाही. गोष्ट सांगताना त्याचा पाय घसरतो इतकंच.

एकदा तो माझी अक्षरं पुन्हा रंगवायला आला. चवड्यांवर चालत, श्वास रोखून, नजर जमिनीवर, न जाणो एखादं अंडं पायाखाली यायचं. कितीतरी काळाने माणसाचा हात लागला मला. आनंद इतका झाला की काय सांगू. आणि चीडही तेवढीच आली. अरे, मान वर कर, एकदा मागे बघ, असं मनात ओरडत होते मी. त्याने खोटं अक्षर न् अक्षर ताजं केलं, नसलेल्या टिटवीला ऐकू जाईल अशा बेताने "माफ कर हं" असं पुटपुटला आणि उलट्या पावली गेला.

मागे बघण्यासारखं तेव्हा सुरू झालं होतं. पलीकडच्या जमिनीवर एका ठेकेदाराचं बांधकाम चालू होतं. त्याचे ट्रक पाडलेल्या भिंतींचा राडारोडा आणून हद्दीवर ओतायला लागले. मग हद्दीच्या अलीकडे. ट्रकवाल्यांना मी अडवू शकत नव्हते, त्यांच्याकडे तर माझी कोरी पाठ होती. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटचे गोळे. ढीग सरकत सरकत झऱ्यापर्यंत आला आणि एके दिवशी त्याच्या तोंडावर बसला. आधी पाण्याचा आवाज बारीक झाला. मग थांबला. माझी रात्रंदिवसाची तेवढीच सोबत होती.

हा झरा म्हणजे कुरणाचा जीव. त्याचंच पाणी तळ्यात जातं. तळं आटायला लागलं तसं मंडळ काठावर जमून वाद घालायला लागलं. कुणी उन्हाला दोष दिला, कुणी झाडांना, कुणी सगळ्या जगाला. सगळीकडे बोटं दाखवून झाली, फक्त माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तिकडे अंडी होती ना.

शेवटी एका रविवारी औषधवाले म्हणाले, "पाणीच नसेल तर राखायचं काय? थांबू या आता." मंडळ मोडायचं ठरत होतं. निरोपाचा म्हणून सगळ्यांचा एक शेवटचा चहा ठेवला आणि त्याला सुताराच्या बायकोलाही बोलावलं. नवरा गेल्यापासून ती कुरणाकडे फिरकली नव्हती.

मी तिला ओळखलं नाही. केस सगळे पांढरे, चपला घासत चालणारी, हातात चहाचा थर्मास. औषधवाल्यांनी लांबून मला दाखवलं.

"ती बघा. त्यांनी लावलेली. आम्ही अजून जागची हलवलेली नाही."

"जवळून बघू का?"

"नको, वहिनी. अंडी आहेत."

"कुणाची?"

"टिटवीची. त्यांनीच लिहिलंय."

"अहो, पण त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली."

तेवढ्यात वारा आला आणि मी वाजले. सगळे चिडीचूप झाले. लांब्याने तोंडावर बोट ठेवलं. "ऐकलंत काकू? तीच."

काकू उभीच राहिली. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ते कुठल्या कुठे गेलं. तिने डोळे पुसले.

"ही टिटवी?" ती म्हणाली. "अरे, ही माझ्या कपाटाची बिजागरी आहे. जन्मभर सांगत आले त्यांना, तेल घाला, तेल घाला."

आणि ती सरळ चालायला लागली. लांब्या हबकला. "काकू, पाय जपून, अंडी..."

"त्या अंड्यांना आता पणतवंडं झाली असतील. हो बाजूला."

तिने मला वाचलंदेखील नाही. तिचा हात थेट त्या डागावर आला, मग मागे गेला आणि आकडा चाचपला. आकडा होता. मग तिने मला धरलं आणि आयुष्यभर जशी उघडत आली तशी, अंगठ्याने जरा वर उचलून, उघडलं.

आत काय आहे ते सगळ्यांना एकदमच दिसलं.

औषधवाले मटकन खाली बसले. मग ते उठले, ढिगारा चढून पलीकडे गेले, आणि मित्रांनो, तो बारीक आवाजाचा माणूस ट्रकसमोर छत्री आडवी धरून उभा राहिला. ठेकेदार काही राक्षस नव्हता. तो ओशाळून म्हणाला, "साहेब, इथे कधी कुणी आलेलं पाहिलंच नाही. मला वाटलं, जागा बेवारस आहे." औषधवाल्यांनी छत्री खाली घेतली.

मंडळ मोडायचं त्या दिवशी राहिलंच. पुढचे कितीतरी रविवार सगळ्यांनी तो राडारोडा हातांनी उचलला. ठेकेदाराने तो वाहून न्यायला ट्रक दिले. झरा पुन्हा वाहू लागला, पण पूर्वीसारखा नाही, करंगळीएवढा. गेलेलं सगळंच परत येत नसतं. मला काकूनेच खांबावरून काढलं. ज्याने लावलं त्याच्या वतीने, ती म्हणाली, आणि नियमाचा एवढा अर्थ औषधवाल्यांनाही पटला.

त्यानंतर मी तिच्या स्वयंपाकघरात राहिले, फ्रीजशेजारी भिंतीला टेकून. आता माझ्या आड काही नव्हतं आणि तिच्या घरात कुणी नव्हतं. मुलांचे फोन यायचे, ती छान चाललंय म्हणायची, आणि फोन ठेवला की घर पुन्हा गप्प व्हायचं. एकटेपण कसं असतं ते मला कुणी शिकवायला नको. पण पहिल्याच सकाळी तिने चहा गाळला, गाळणी धुतली आणि माझ्या आकड्याला लावली. नव्या कपाटात गाळणीची वेगळी जागा होती, तरीही.

कोपऱ्यातलं गवत कापून जमीन मोकळी झाली आणि यंदा टिटवी आली. लांब्या धापा टाकत सांगायला आला. यावेळी खरंच पाहून आला होता. तो तेलाचा डबाही घेऊन आला. काकू म्हणाली, "खालच्या बिजागरीला घाल. वरची राहू दे." मग ती स्वतः मला इथे घेऊन आली. औषधवाल्यांनी आता नियमाला एक शेपूट जोडलं आहे. लावताना दोघांनी लावायचं, म्हणजे एक नसला तरी दुसऱ्याच्या लक्षात राहतं. तेव्हा खांबाला मला तिने आणि लांब्याने मिळून टांगलं. "माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही बाबा," ती त्याला म्हणाली, "मी नाही आले तर तू नक्की ये."

तर मित्रांनो, तेव्हापासून मी इथे आहे, पुन्हा एकटी. हे एकटेपण मला चालतं, कारण त्याला शेवट आहे. तुम्हाला एकच मागणं आहे. जपण्यासाठी एखादी गोष्ट बंद केलीत, तर ती पुन्हा उघडायला या. नुसतं लांबून हळू आवाजात बोलणं म्हणजे जपणं नव्हे. जवळ या, हात लावा, मागे काय चाललंय ते बघा. आणि ज्याने दार लावलं तो नसेल, तर त्याच्या नावाने गप्प उभे राहू नका. तुम्ही उघडा.

थांबा. मागे काहीतरी हललं. बोलण्याच्या नादात माझं लक्षच नव्हतं. एक, दोन... चारही फुटली आहेत. अंग वाळत आलं आहे त्यांचं. हे बघा, निघालीच. माझ्या खालून, तुरुतुरु, तळ्याकडे. तुमच्या दगडापासून पाय जरा वर घ्या.

म्हणजे आता या घटकेपासून मी पुन्हा खोटी झाले. मला धास्ती वाटते आहे, तुमच्यापासून काय लपवायचं. गेल्या वेळीही अशीच सकाळ होती.

वाटेवर कुणीतरी येतं आहे का? जाळ्यांच्या पलीकडचं मला इथून दिसत नाही, ऐकू येतं फक्त. लांब्याची पावलं मला माहीत आहेत, ढांगा टाकत येतो तो. ही तशी नाहीत. ही सावकाश आहेत. मध्येच थांबतात, दम घेतात, पुन्हा निघतात. चपला घासत येणारी.

या, मित्रांनो, उठा. आता पुढे या.